दुष्काळातल्या मुली

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत एखाद्या आजीबाईंना गाव विचारा. मराठवाड्यातलं असलं, तर बोलणं हमखास १९७२च्या दुष्काळावर येतं. पोटासाठी घर सोडलेल्या बाईला कामाचं आमिष दाखवणारा दलाल मात्र त्याहून जुना. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात हे दलाल मुली हेरत फिरत होते. पंडिता रमाबाई स्वतः तिथं गेल्या. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेलेले. उपाशी मुलीची गत त्यांना कुणी सांगायला नको होती. सरकारी मदत-छावण्यांतही बायकांची अब्रू सुरक्षित नाही, हे त्यांनी उघड लिहिलं. सुमारे ३०० जणींना त्यांनी सोडवून आणलं. (धर्मांतराचा वाद पुष्कळ गाजला, हे त्यामानानं कमी.) पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर नेलं. तिथंच पुढं मुक्तिसदन उभं राहिलं.