अपपाठांचे टीकाकार

मुद्रणदोष हा वाङ्मयसमीक्षेचा विषय सहसा होत नाही. कादंबरीत एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले, तर वाचक ते मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. फार तर मुद्राराक्षसाच्या नावाने दोन शब्द खर्ची पडतात. परंतु ज्या ग्रंथाबरहुकूम चारपाच माणसांना संध्याकाळभर वागावयाचे असते, त्यात 'ध'चा 'मा' झाला, तर तेथे कोणी तरी खरोखरच मरते. मरते ते कल्पित पात्र, एवढाच काय तो दिलासा. अमेरिकेत १९७४ पासून रूढ झालेल्या भूमिकाखेळांचे नियमग्रंथ आणि त्यांतील दोष हुडकणारे रसिक यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही. मेजाभोवती बसलेले खेळाडू एकेक पात्र घेतात, एक जण सूत्रधार होऊन सभोवतालच्या जगाचे वर्णन करतो, आणि पात्रांनी आरंभिलेली कृती साधली की फसली, हे फासे ठरवितात. कोणत्या कृतीला कोणते दान हवे, हे सांगतो तो नियमग्रंथ. या प्रकारचा पहिला प्रकाशित ग्रंथ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून तो १९७४ साली निघाला: एका पेटीत तीन पुस्तिका, आणि पहिल्या खेपेस १००० प्रती. लेखकांच्या डोळ्यांसमोर होते ते जुने युद्धखेळी. म्हणून लढाईसाठी 'चेनमेल' या १९७१ च्या नियमपुस्तिकेचा हवाला दिलेला होता, आणि रानावनातील प्रवासासाठी एका निराळ्याच कंपनीचा पटखेळ जवळ असावा, अशी अपेक्षा होती. ज्यांच्यापाशी या दोहोंपैकी काहीच नव्हते, असे विद्यार्थी लवकरच बहुसंख्य झाले. त्यांच्या हाती पडली ती सूत्रे. भाष्य लेक जिनिव्हातच राहिले होते.

त्यातच एक अक्षरविपर्यय झाला. राक्षसांच्या कोष्टकात प्रत्येक प्राणी आपल्या गुहेत सापडण्याची शक्यता शेकड्यात दिलेली होती. गुहेला इंग्रजीत 'लेअर' म्हणतात. छापले गेले 'लायर', म्हणजे खोटारडा. कित्येकांनी ही चूक तात्काळ ओळखली. तथापि काही मंडळींनी तो आकडा राक्षस खोटे बोलण्याची शक्यता म्हणून प्रामाणिकपणे वापरला, असे त्या पिढीच्या आठवणींत सांगितले जाते. हा वाचकांचा बावळटपणा नव्हे. ज्या ग्रंथात सारेच अपूर्व, त्यात असंभवनीय काय हे वाचकाने कशावरून ठरवावे? शिवाय वाटाघाटीला आलेला राक्षस कितपत खोटे बोलेल, हा प्रश्न खेळाच्या दृष्टीने मुळातल्या प्रश्नाहून कमी रसाळ नाही.

अशा शंकांना व्यासपीठ मिळाले ते १९७५ च्या जूनमध्ये. लॉस एंजेलिस येथे ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. सभासदांनी आपापली पाने लिहून पाठवावयाची, संपादिकेने ती एकत्र बांधून सर्वांना धाडावयाची, अशी त्याची रीत. एकाने नियमातील विसंगती दाखवावी, दुसऱ्याने पुढल्या अंकात तिचा परिहार करावा, तिसऱ्याने दोघांनाही खोडून काढावे. टीका, उपटीका आणि खंडन यांचा हा क्रम २०२५ पर्यंत चालला. दुसऱ्याच अंकात खुद्द गायगॅक्स यांचे पत्र आले. अर्थभेद असावेत, निरनिराळ्या मेजांवर खेळ निरनिराळा व्हावा, अशीच आपली इच्छा आहे, असा त्या पत्राचा आशय होता. ग्रंथकाराने आपला अधिकार इतक्या उदारपणे वाचकांच्या हाती द्यावा, हे विरळाच.

वाचकांनी तो घेतला. ॲरिझोनातील केन सेंट आंद्रे यांनी हे नियम वाचले, त्यांतील गोंधळाने ते वैतागले, आणि पत्र लिहिण्याऐवजी त्यांनी स्वतःचाच खेळ लिहिला. 'टनेल्स अँड ट्रोल्स' या त्यांच्या पुस्तकाच्या प्रारंभी १०० प्रती निघाल्या, त्याही १९७५ मध्येच. याच वर्षी कॅलिफोर्नियातील कॅल्टेक या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी लढाई आणि मंत्र यांविषयीचे संदिग्ध नियम नव्याने मांडून 'वॉरलॉक' या नावाने प्रसिद्ध केले. टीकेची परिणती पर्यायी ग्रंथात व्हावी, हे या परंपरेचे लक्षण आरंभापासूनच दिसते.

जॉन एरिक होम्स हे या मालिकेतील सर्वांत लोभस नाव होय. ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांचे प्राध्यापक. नवशिक्याला समजेल असे पुस्तक आपण लिहून देतो, असे त्यांनी आपण होऊन प्रकाशकांना कळविले, आणि १९७७ साली त्यांनी संपादित केलेली प्राथमिक आवृत्ती निघाली. मूळ पुस्तिकांपेक्षा ती कितीतरी सुबोध आहे. परंतु तिच्यातही एक गंमत राहून गेली. सर्व शस्त्रांचा घाव एकाच फाशाने मोजावयाचा. खंजिराने एका फेरीत दोन वार, आणि दोन्ही हातांनी पेलावयाच्या अवजड तलवारीने दोन फेऱ्यांत एक. म्हणजे खंजीर तलवारीच्या चौपट! दोष दूर करावयास बसलेल्याच्याच हातून नवा दोष शिरावा, हे संपादनकर्मात नवीन नाही.

पुढे वारे फिरले. १९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी खेळाचे 'अॅडव्हान्स्ड' असे विस्तृत रूप तीन जाड ग्रंथांत सिद्ध केले, आणि १९७९ च्या जूनमध्ये 'द ड्रॅगन' मासिकात एकरूपतेचा आग्रह धरला: हा नवा खेळ सर्वत्र सारखाच खेळला जावा. चार वर्षांपूर्वीच्या पत्राशी हे ताडून पाहिले म्हणजे अंतर ध्यानात येते. दुर्दैव असे की, एकरूपतेचे ओझे ज्या ग्रंथावर टाकले, तो सूत्रधाराचा ग्रंथ अंतर्गत विसंगतींनी भरलेला होता. त्याच्या काही प्रतींत तर राक्षसकोशाची पाने चुकून बांधली गेली होती. पण तो दोष बांधणाऱ्याचा. लढाईत आधी घाव कोणाचा, याविषयीची विधाने निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली होती आणि ती परस्परांशी जुळत नव्हती. पुढे एका चाहत्याने केवळ या एका प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी तळटीपांनी गजबजलेले वीस पानांचे भाष्य रचले. ते वाचून नियमाप्रमाणे खेळता येते. खेळावेसे वाटते की नाही, हा प्रश्न वेगळा. नोव्हेंबर १९७९ पासून 'द ड्रॅगन'मध्ये वाचकांच्या शंकांना उत्तरे देणारे 'सेज अॅडव्हाइस' हे सदर सुरू झाले. ज्या कंपनीला अर्थ एकच असावा असे वाटत होते, तिलाच महिनोन्महिने अर्थ सांगत बसावे लागले.

रसिकांच्या टीकेत पुढे दोन पंथ पडले: एक शब्दाला प्रमाण मानणारा, दुसरा तात्पर्याला. २००० साली निघून २००३ मध्ये सुधारलेल्या तिसऱ्या आवृत्तीने या वादाला भरपूर खाद्य पुरविले. तीत निःशस्त्र मुष्टियुद्धात निष्णात असा एक संन्यासी आहे. त्याला अवगत असलेल्या शस्त्रांच्या यादीत मात्र नि:शस्त्र प्रहाराचाच उल्लेख राहिला. दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध. बुडू लागलेल्या माणसाची जीवशक्ती पहिल्या फेरीत शून्यावर येते, असा नियम आहे. पण मरणासन्न माणसाची जीवशक्ती शून्याच्याही खाली गेलेली असते. तेव्हा त्याचे डोके पाण्याच्या बादलीत बुडविले, तर शब्दशः तो सुधारला पाहिजे! असा उपचार कोणी गंभीरपणे केला नसेल. तरीही या चेष्टेत एक शास्त्र आहे. लिहिणाऱ्याने निरोगी माणूस गृहीत धरला होता, हे दडलेले गृहीतक या एका विनोदाने उघडे पडते.

सर्वच दोष इतके फलदायी नसतात. १९९४ साली निघू लागलेल्या 'एन्सायक्लोपीडिया मॅजिका' या चार खंडांच्या कोशात 'मेज' हा शब्द संगणकाच्या साहाय्याने सरसकट बदलून त्या जागी 'विझर्ड' घालण्यात आला. त्यामुळे पहिल्या खंडात 'डॅमेज' या शब्दाचे 'डॅविझर्ड' झाले. व्हाइट वुल्फ या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकांत 'पृष्ठ एक्स-एक्स पाहा' अशा सूचना तशाच छापल्या गेल्या, आणि ते वाक्य रसिकांत म्हणीसारखे रूढ झाले. एका ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने तर आपल्या नियतकालिकाला तेच नाव दिले. येथे रसिकांचा निवाडा बहुधा एकच असतो: पुस्तक कोणी वाचलेच नाही. हा निवाडा उतावीळ आहे. पानांची मांडणी पुरी होईपर्यंत पृष्ठांक कोणालाच ठाऊक नसतो. लेखक जागा राखून ठेवतो, आणि ती भरण्याचे काम नेमके शेवटच्या घाईच्या दिवसांत येते. संपादकाने काढून टाकलेल्या शंभर चुका कोणालाच दिसत नाहीत. राहिलेली एक सर्वांना दिसते, आणि ही टीका नेहमी त्या एकीवर उभी असते.

प्रकाशकांनी २००० साली मुक्त परवाना देऊन नियमांचा मोठा भाग इतरांना वापरू दिला, तेव्हा या टीकाकारांना पुन्हा ग्रंथकार होण्याची वाट मोकळी झाली. २००६ च्या 'ऑस्रिक'मध्ये गायगॅक्स यांच्या त्या विस्तृत खेळाचे नियम पुन्हा शब्दबद्ध करण्यात आले. १९८१ च्या सुटसुटीत आवृत्तीला गेव्हिन नॉर्मन यांनी २०१९ मध्ये 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' या नावाने नवे रूप दिले. त्यात नियम जवळजवळ जुनेच आहेत. नवे आहे ते संपादन. एक विषय शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत आटोपतो, वाक्ये आखूड आहेत, आणि शोधलेली गोष्ट पाने न चाळता सापडते. मूळ पुस्तिका संग्रही असलेले कित्येक जुने खेळाडू आज ती कपाटात ठेवतात आणि मेजावर हा ग्रंथ उघडतात.