नागपूरचा कागदावरचा समुद्र

१७ डिसेंबर १८०३ या दिवशी नागपूरचा समुद्र गेला.

नागपूरला समुद्र होता, हेच पुष्कळांना नवं वाटेल. पहिल्या रघूजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या करून अलीवर्दीखानाला जेरीस आणलं आणि १७५१च्या तहात ओडिशाचा मुलूख नागपूरकरांच्या पदरात पडला. सुवर्णरेखा नदी ही उत्तरेची हद्द. खाली बालेश्वरचं बंदर, पुरीचा किनारा, चिलिका सरोवर. पुरीला जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर जो अरुणस्तंभ उभा आहे, तो मूळचा कोणार्कचा; मराठी अमदानीत तो तिथून हलवून पुरीला आणला गेला. बावन्न वर्षं बंगालच्या उपसागराचा एवढा मोठा किनारा नागपूरच्या भोसल्यांचा होता. त्यातून नागपुरात काय आलं, तर वसुलाचे हिशेब आणि यात्रेकरूंच्या तोंडच्या गोष्टी. आरमार उभं राहिलं नाही. सरखेल आंग्र्यांसारखं समुद्रावरचं घराणं भोसल्यांच्या पदरी कधी नव्हतं.

मग १८०३चं युद्ध आलं. ऑक्टोबरात इंग्रजांनी कटकचा बाराबती किल्ला घेतला, नोव्हेंबरअखेर अडगावला भोसल्यांचा पराभव झाला, डिसेंबरच्या मध्याला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत दुसऱ्या रघूजींनी देवगावच्या तहावर मान तुकवली. बालेश्वरसह कटक सुभा कंपनीला गेला. इकडे वर्ध्याच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला, आणि नागपुरात हळहळ झाली असेल तर ती वऱ्हाडाच्या काळ्या मातीसाठी झाली असणार. खाऱ्या पाण्यासाठी कोण रडतं?

एकूण नागपूरच्या पाण्याचा इतिहास गोड्या पाण्याचाच. शहराजवळच्या टाकळीला दख्खनच्या कातळांच्या थरांमध्ये गोगलगायींचे जीवाश्म सापडतात, ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आहेत. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीही टाकळीत तरी पाणी गोडंच होतं. या जीवाश्मांचा अभ्यास करणारा मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज नागपूरकरांना ठाऊक आहे, तो १८६३मध्ये टाकळघाटच्या बाजूने परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेला. नागपूरकराला पाण्याची जी भीती आहे, ती लाटेची नाही. ती नाल्याची, डोहाची आणि विहिरीची आहे.

पोहणंही त्याच पाण्यातलं. पाठीला रिकामा डबा किंवा सुका भोपळा बांधायचा, काकाने किंवा थोरल्या भावाने विहिरीच्या काठावरून ढकलून द्यायचं, आणि बाकीचं ज्याचं त्याने शिकायचं. तलावांची कमतरता नव्हती. गोंड राजा चाँद सुलतानाच्या काळातला जुम्मा तलाव, भोसल्यांचा तेलंखेडीचा म्हणजे फुटाळ्याचा तलाव, आणि शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी १८७०मध्ये बांधलेला अंबाझरी. भंडारा-गोंदियाकडे तर मालगुजारी तलावांची रांगच. पण या तलावांत पाण्याखाली जाऊन काम करणारे म्हणजे मासेमारी करणारे ढिवर. त्यांच्या बुडीला कुणी कौशल्य म्हटलं नाही आणि तिची तिकिटंही काढली नाहीत. बाकीच्यांनी पाण्यात शिरायचं ते डोकं वर ठेवून. पाण्याखाली बसून राहिलेला एकच माणूस गावोगावच्या कीर्तनातून सगळ्यांना माहीत होता. डोहात लपलेला दुर्योधन. त्याचं पुढे काय झालं, तेही सगळ्यांना माहीत होतं.

दुसरा समुद्र नागपूरला मिळाला तोही कागदावरच. १८६१ला मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. स्वतंत्र भारतात १९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. या सगळ्या काळात प्रांताला इंचभर किनारा नाही. १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला मराठी राज्यात येण्याच्या अटी घालून दिल्या, १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि एका रात्रीत नागपूर किनारा असलेल्या राज्यातलं शहर झालं. १ मे १९६०ला गुजरात वेगळा होऊन द्वैभाषिक राज्याच्या किनाऱ्यापैकी ७२० किलोमीटर किनारा महाराष्ट्राकडे राहिला. नागपूर कराराची चर्चा आजही निघते ती नोकऱ्यांच्या वाट्याची, निधीची, हिवाळी अधिवेशनाची. या सौद्यात आपल्याला एक आख्खा समुद्र मिळाला, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

तिसरा कागद सगळ्यांत गमतीचा. १९८७मध्ये राज्य शासनाने मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर केला. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा सव्वातीन चौरस किलोमीटरच्या आतला पट्टा म्हणजे गाभा. कायदा तोच, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा, ज्याने ताडोबाचा वाघ राखला जातो. आणि राज्याच्या वन्यजीव विभागाचं मुख्यालय आहे नागपुरात, सिव्हिल लाइन्समध्ये. म्हणजे मालवणच्या प्रवाळांचा सर्वोच्च राखणदार समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, संत्र्यांच्या गावात बसतो. मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला कडाडून विरोध केला. रापण ओढणारे, छोट्या होड्या घेऊन खडपांच्या आसऱ्याने मासे धरणारे हे लोक. जाळं टाकायच्या जागेवर जंगलखात्याचा हक्क कसा, हे त्यांना पटलं नाही. त्यांचं चुकत नव्हतं. वाघाचं जंगल आखण्याची पद्धत समुद्रावर जशीच्या तशी पसरली, की असंच होतं. सीमा पाण्यावर आखता आल्या नाहीत आणि अभयारण्य बरीच वर्षं फायलीतच पोहत राहिलं.

त्या पाण्याखाली काय आहे, हे मात्र या किनाऱ्यावरच्या गाबित मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. खडकाला चिकटलेली कालवं आणि शिनाणे काढायला बुडी मारणारा माणूस पाण्यातही डोळे उघडे ठेवतो. शिवाजी महाराजांनी १६६४मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हा भोवतालच्या बुडक्या खडकांतून वाट काढायला याच किनाऱ्यावरच्या माणसांचं ज्ञान कामी आलं. किल्ल्याला ज्या खडकांचं संरक्षण, त्याच खडकांवर प्रवाळ. परक्या गलबताचा तळ फोडणारी ती जागा. आज पर्यटकांना तोंडात नळी धरून तरंगायला नेतात ते तिथेच, किल्ल्याच्या तटापासून थोड्या अंतरावर.

ही नळी मात्र इथली नव्हे. पाण्याखाली श्वास घ्यायला काही बुडी मारणारे साधन वापरतात आणि हत्तीची सोंड तशीच आहे, असं अ‍ॅरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवलं आहे. उपमा फार नेमकी. माणसाची नळी जेमतेम वीत-दीड वीत असते आणि ती लांब करून उपयोग नाही. मीटरभर खोल गेलं, तरी पाण्याचा दाब छातीवर इतका बसतो की वरची हवा ओढून घेणं फुप्फुसांना जड जातं. हत्तीला ते जमतं, कारण त्याच्या फुप्फुसांभोवती आपल्यासारखी पोकळी नसून घट्ट ऊतींचं अस्तर असतं. अंदमानात लाकूड ओढायला नेलेले हत्ती समुद्र पोहून जात. हॅवलॉकचा राजन नावाचा हत्ती त्यासाठी जगभर प्रसिद्ध झाला आणि २०१६मध्ये गेला. विदर्भातल्यांनी यासाठी अंदमान गाठायची गरज नाही. गडचिरोलीतल्या कमलापूरच्या हत्तींचे पूर्वजही लाकूड ओढायलाच आणले होते. तलावात डुंबताना सोंड वर काढलेला हत्ती पाहिला, की स्नॉर्केलिंगचा पहिला धडा झाला.

या नळीसाठीचा ‘स्नॉर्केल’ हा शब्द दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांनी रूढ केला. पाण्याखालून इंजिन चालवताना हवा घेण्यासाठी त्या वर नळी काढत. तिची कल्पना मूळ डच आरमाराची. पायातले रबरी पंखे १९३३मध्ये फ्रान्समध्ये पेटंट झाले. काचेचा मुखवटा, पंखे आणि नळी ही तीन साधनं तिथून निघून मालवणला पोहोचायला सत्तरेक वर्षं लागली.

मधल्या काळात किनारा बदलत होता. १९८१मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, १९९७मध्ये तो देशातला पहिला पर्यटन जिल्हा ठरला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे धावली. या शतकाच्या पहिल्या दशकात मालवणच्या काही तरुणांना पर्यटकांना पाण्याखालचं दाखवण्याचं प्रशिक्षण मिळालं. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा. पुढे तारकर्लीला राज्य पर्यटन विकास महामंडळाची म्हणजे एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था उभी राहिली. ज्या गाबिताच्या बापाने अभयारण्याविरुद्ध घोषणा दिल्या, त्याचा मुलगा त्याच अभयारण्यातले मासे दाखवून घर चालवू लागला. त्याने बापाची बाजू सोडली असं मात्र समजू नये. हंगाम संपला की तोही जाळंच विणतो.

आणि तेव्हा कुठे नागपूरकर आपल्या समुद्रात शिरला. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत मालवणच्या जेट्टीवर वऱ्हाडी बोलणं हमखास कानावर पडतं. नागपूरहून मडगावला जाणारी गाडी कुडाळला थांबते. एक दिवस आणि एक रात्र गाडीत काढून आलेलं कुटुंब होडीत बसतं. “पोहता येतं का?” असं होडीवाल्याने विचारलं, की वडील “येते थोडंसं” म्हणतात आणि आई “आपल्याच्यानं नाही होत बा” म्हणून पदर खोचते. पोहता यावंच लागतं असं नाही. अंगात लाईफ जॅकेट असतं, धरायला रबरी रिंग असते आणि रिंगेला धरून पोहणारा पोरगा असतो. अवघड असते ती वेगळीच गोष्ट. मुखवट्यात नाक बंद होतं आणि तोंडाने श्वास घ्यायचा असतो. जन्मभर नाकाने श्वास घेतलेल्या माणसाला पहिली दोन मिनिटं हे पटतच नाही. तो नळी दाताखाली करकचून धरतो, डोकं उचलतो, खारं पाणी गिळतो. मिशी भरघोस असेल तर मुखवट्याची कड चेहऱ्याला नीट बसत नाही आणि पाणी झिरपतं. काच धुरकट होऊ नये म्हणून आत थुंकून चोळायचं, हा सल्ला ऐकून आई पुन्हा एकदा “आपल्याच्यानं नाही होत” म्हणते. नळीत पाणी शिरलं तर घाबरून उभं राहायचं नाही, जोरात फुंकर मारायची. पाय खाली टेकवायचे नाहीत, कारण खालचा खडक खडक नसतो. तो जिवंत प्रवाळ असतो आणि त्याला वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

मग कधीतरी श्वासाची लय लागते आणि कानात फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज राहतो. खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने फिरताना दिसतात. मालवणचं पाणी अंदमानसारखं आरस्पानी नाही, हे सांगितलेलं बरं. पावसाळ्यानंतर गाळ बसायला वेळ लागतो, वारा सुटला की हातभरावरचं दिसत नाही. जाहिरातीतले फोटो मनात धरून आलेला माणूस हिरमुसतो. ताडोबात तीन सफारी करून वाघ न दिसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सफारीशी तुलना इथेच संपते. ताडोबात गाडीतून उतरायची बंदी आहे. मालवणच्या अभयारण्यात पर्यटक थेट प्राण्यांवरच उतरतात. पाहुण्यांना मासे दिसावेत म्हणून खाणं टाकून मासे गोळा करण्याची सवय लागली. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मालवणला हौशी डायव्हिंगमुळे होणाऱ्या प्रवाळांच्या मोडतोडीची नोंद आहे. मे २०२२मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. लाईफ जॅकेट होडीवर चढतानाच घालायचं असतं आणि किनाऱ्याला उतरेपर्यंत काढायचं नसतं. एवढी गोष्ट प्रत्येक नागपूरकराने घरूनच पाठ करून जावी. “काही होत नाही” म्हणणाऱ्या होडीत बसू नये.

आता मालवणच्या दक्षिणेला, निवतीच्या समुद्रात पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं आहे. त्यासाठी निवडलेली युद्धनौका नौदलात १९८५च्या डिसेंबरात दाखल झाली, १२ जानेवारी २०२४ला अंदमानात निवृत्त झाली आणि २०२५मध्ये एमटीडीसीच्या हवाली करण्यात आली. ती समुद्रतळाशी बसवून तिच्यावर प्रवाळ वाढू द्यायचे, म्हणजे मूळच्या खडकांवरचा पर्यटकांचा भार हलका होईल, अशी कल्पना आहे. नौकेचं नाव आयएनएस गुलदार. गुलदार म्हणजे बिबट्या.