दातवण जुने, मिश्री नवी

वाचकहो, सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या नांदताना आपण घरच्या चालीरीती जपल्या, याचा आपल्याला अभिमान आहे. पण जुने म्हणून जे जपतो, ते खरेच किती जुने, हेही पाहावे.

चरकसंहिता सांगते, की कडू, तुरट किंवा तिखट काडीचा शेंडा चेचून, हिरड्यांना इजा न करता, दिवसातून दोनदा दात घासावेत. करंज, रुई, अर्जुन ही झाडेही ती सुचवते. दातवणाची चाल खरोखरच प्राचीन आहे.

मिश्रीचे तसे नाही. तंबाखू मूळची अमेरिकेची. ती पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली. अकबराच्या दरबारातील असद बेगला ती आपल्या शेजारच्या विजापुरात सापडली आणि 1604 च्या सुमारास त्याने ती आग्र्याला नेली. म्हणजे तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री फार तर चारशे वर्षांची.

“मिश्री लावली की ठणका राहतो,” असे दवाखान्यात आज्या सांगतात. पण ठणका राहिला म्हणजे रोग गेला असे नव्हे. हिरडी खाली सरकत राहते, दाताचे मूळ उघडे पडते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. 1992 साली सरकारने दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत मात्र कायदा पोहोचत नाही. तो तवा आपणच उतरवायचा.

आणि तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर माझ्या साबुदाण्याच्या गोळ्यांवर विसंबू नका. थेट दंतवैद्याकडे जा.