गोल, घन आणि वृत्तचिती

आमच्या शाळेच्या गणिताच्या कपाटात एक सागवानी पेटी आहे. गोल, घन, वृत्तचिती, शंकू आणि सूची असे लाकडाचे पाच नग तीत आहेत. डेडस्टॉक रजिस्टरात त्यांची नोंद 'भूमितीचे साहित्य' अशी आहे. घन, शंकू हे शब्द कानडीतही तसेच असल्याने आमच्या भागातल्या मुलांना ते समजावताना कधी अडत नाही. घरी कुठलीही भाषा बोलणारे मूल ठोकळा हातात घेतले की घन ओळखते.

तीस वर्षांपूर्वी, मी नवा मास्तर असताना, दिवाळीच्या सुट्टीआधी कार्यानुभवाच्या तासाला आकाशकंदील चालले होते. सातवीतल्या एका मुलाने उरलेल्या रंगांनी ही पेटीच रंगवून काढली. घनाची प्रत्येक बाजू वेगळ्या रंगाची, शंकूवर फिरते पट्टे. शाळेची वस्तू नासली म्हणून मी त्याला दोन छड्या दिल्या आणि काचकागद देऊन सगळा रंग घासून काढायला लावला. बी.एड.ला फ्रोबेलवर पाच मार्कांची टीप मी लिहिली होती, आणि चांगले मार्कही मिळवले होते. पण त्या टिपेचा आणि या पेटीचा काही संबंध असेल असे तेव्हा मनात आले नाही. तो पुढे वाचनात सापडला.

फ्रेडरिक फ्रोबेल १७८२ साली जर्मनीच्या थुरिंजिया भागात जन्मला. नऊ महिन्यांचा असतानाच आई गेली. पुढे नेपोलियनविरुद्धच्या लढाईत तो स्वयंसेवक म्हणून गेला आणि परतल्यावर १८१४ ते १८१६ अशी दोन वर्षे बर्लिनच्या खनिजसंग्रहालयात वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली मदतनीस राहिला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत महत्त्वाची वर्षे. बालशिक्षणावरच्या आपल्या पुस्तकांत ती एका ओळीत संपतात. दगडाच्या पोटात आपोआप घडणारे घन, सूची, अष्टफलक तो दिवसचे दिवस हाताळत होता. जो नियम स्फटिक वाढवतो तोच मुलाच्या मनालाही आकार देत असला पाहिजे, ही त्याची खूणगाठ तिथे बसली.

१८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली. १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. तिथल्या खेळण्यांना तो 'देणग्या' म्हणे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि वृत्तचितीची, आणि गंमत आहे ती हिच्यात. घन दोऱ्याने टांगून पीळ द्यायचा आणि सोडायचा. बाजूच्या मध्यावर टांगलेला घन गरगरू लागला की कडा नाहीशा होऊन डोळ्यांना वृत्तचिती दिसते. कोपऱ्यावर टांगला तर वरखाली शंकू आणि मध्ये आत गेलेली कंबर. वाचकांनी घरी एखादा ठोकळा टांगून अवश्य पाहावे. एका आकाराच्या पोटात दुसरा दडलेला असतो, हे चार वर्षांच्या मुलाला शब्दाशिवाय कळते.

पुढच्या देणग्यांत घनाचे आठ तुकडे येतात, मग सत्तावीस घनांतले काही कर्णावर कापलेले. नियम एकच. रचना मोडून टाकायची नाही, तिच्यातूनच पुढची काढायची, आणि एकही तुकडा बाहेर ठेवायचा नाही. त्यातून कधी खुर्ची होई, कधी बेरजेचे उदाहरण; आणि कधी कशाचेच चित्र नसलेली नुसती सुंदर नक्षी होई. या तिसऱ्या प्रकाराला फ्रोबेलने 'सौंदर्याचे आकार' असे नावच दिले होते. त्यानंतर रंगीत त्रिकोणी-चौकोनी फळ्या, रंगीत कागदाच्या पट्ट्यांची वीण, सगळे चौकटी आखलेल्या मेजावर. अमूर्त चित्रकलेचा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, तेव्हा थुरिंजियातली पोरे दुपारच्या खेळात ती करत होती.

सरकारला मात्र यात धोका दिसला. फ्रोबेलच्या पुतण्याची समाजवादी मते त्याच्या नावावर मांडून प्रशियाने १८५१ साली किंडरगार्टनांवर बंदी घातली. दुसऱ्याच वर्षी तो वारला. श्वाइना इथल्या त्याच्या समाधीवर दगडी घन, वृत्तचिती आणि गोल एकावर एक रचलेले आहेत. बंदी उठायला १८६० साल उजाडले. तोवर त्याच्या शिष्यांनी, विशेषतः शिष्यिणींनी, ही पद्धत देशोदेशी नेली होती.

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने या देणग्या पाहिल्या आणि नऊ वर्षांच्या मुलासाठी घेतल्या. तो मुलगा म्हणजे वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. ते मेपलचे ठोकळे आपल्या बोटांत जन्मभर राहिले, असे त्याने म्हातारपणीही लिहून ठेवले आहे. १९१२ साली त्याने इलिनॉयमधल्या कूनली कुटुंबाच्या बालशाळेसाठी काचेच्या खिडक्या केल्या. त्यांत लाल, निळी, पिवळी वर्तुळे आणि छोटे चौकोन आहेत. फुगे म्हणा, पताका म्हणा, नाहीतर नुसते रंग म्हणा.

दुसरा बकमिन्स्टर फुलर. याला जवळचे नीट दिसत नसे. १८९९ साली बालवर्गात काड्या आणि भिजवलेले वाटाणे जोडून घर करायला सांगितले (हीही फ्रोबेलचीच देणगी). इतर मुलांनी चौकोनी घरे केली. याने चाचपून पाहिले, तर चौकोन लचकतो आणि त्रिकोण लचकत नाही. त्याच्या पुढच्या जगप्रसिद्ध घुमटांचे मूळ तिथे आहे. बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील ज्याने स्वतः बांधला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. चौकट डुलू लागली की आपणही आडवी कामटी बांधून त्रिकोणच करतो.

ल कॉर्ब्युझिए हाही फ्रोबेल पद्धतीच्या बालशाळेतला. जर्मनीच्या बाउहाउस कलाशाळेचा (१९१९ ते १९३३) पायाभूत वर्ग चालवणारा इटेन मुळात प्राथमिक शिक्षक होता. त्याच शाळेत आल्मा बुशर हिने १९२३ साली बावीस रंगीत ठोकळ्यांचा खेळ केला. त्यातून जहाज होते, आणि काहीच न होता नुसती रंगांची रचनाही होते. १९४४ साली बॉम्बहल्ल्यात ती गेली. खेळ अजून विकला जातो. नॉर्मन ब्रॉस्टरमन यांनी १९९७ साली पुस्तक लिहून सबंध आधुनिक कलेचे बीज किंडरगार्टनात असल्याचे मांडले. मी इतके म्हणणार नाही. ठोकळ्याने चित्रकार घडत असता तर शाळाशाळांतून घडले असते. पण 'हे कशाचे चित्र आहे?' असे न विचारता आकाराकडे आणि रंगाकडे पाहायला शिकलेली एक पिढीच्या पिढी युरोप-अमेरिकेत तयार झाली होती, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे बाउहाउसच्या चित्रकारांची कामे १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या प्रदर्शनात आली. शेजारी गगनेंद्रनाथ टागोरांची चित्रे होती. शाळेत मात्र ही वाट वेगळ्या दाराने आली. ताराबाई मोडकांनी माँटेसरीचे महागडे साहित्य बाजूला सारून पाने, खडे, शिंपले मुलांच्या हाती दिले, आणि बोर्डी-कोसबाडच्या अंगणात बालवाडी भरू लागली. साहित्य कपाटात जपून ठेवण्यासाठी नसते हे त्यांना माझ्याआधी कितीतरी वर्षे कळले होते.

आमच्या शाळेत चित्रकलेची जागा आता रिकामी आहे. शिक्षक निवृत्त झाले, नवे आले नाहीत. म्हणून यंदा सुट्टीआधीचा तो तास मीच घेतला. पेटी काढली, घन दोऱ्याने टांगला, पीळ दिला. पोरे ओरडली, "सर, डबा झाला!" मग ब्रश आणि रंगांच्या वाट्या मांडल्या. एका मुलीने घन हातात घेऊन निरखला आणि म्हणाली, "सर, हा आधीच कुणीतरी रंगवलाय." सागवानाच्या रेषांत तांबडा आणि हिरवा रंग अजून होता. काचकागद तिथवर पोचला नव्हता.