हनौमाचे पाहुणे

समुद्राच्या पृष्ठभागाखालील सृष्टि पाहण्याची माणसाची इच्छा फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें हत्तीच्या सोंडेचें वर्णन केलें. पाणबुडे पाण्याखालीं राहून वरची हवा ज्या साधनांनीं आंत ओढीत, त्यांची उपमा त्यानें सोंडेस दिली. या साधनास निसर्गानेंच मर्यादा घातली आहे. माणूस दोन हात खोल गेला, कीं पाण्याचा दाब छातीवर असा पडतो, कीं नळींतून श्वास ओढणें जड जातें. म्हणून नळी आंखूड ठेवावी, तोंड पाण्यांत घालून पोटावर तरंगावें आणि खालचें जग न्याहाळावें, एवढेंच तिच्या योगें साधतें.

या नळीस आज ‘स्नॉर्केल’ म्हणतात. हा शब्द मूळचा जर्मन असून दुसऱ्या महायुद्धांत पाणबुडी जहाजांना हवा पुरविणाऱ्या नळीमुळें तो सर्वतोमुखीं झाला. तत्पूर्वींच, १९३० नंतरच्या दशकांत, फ्रान्समध्यें कांचेचे मुखवटे आणि पायांत घालावयाचे रबरी पंखे हौशी लोकांच्या हातीं आले होते. उघड्या डोळ्यांस पाण्यांत सारें अंधुक दिसतें. कांचेआड थोडी हवा राहिली, कीं दृष्टि स्वच्छ होते. पाणबुड्याची वर्षानुवर्षांची साधना नसलेला कारकूनहि आतां सुटीच्या दिवशीं प्रवाळांची सृष्टि पाहूं शकला.

या सुखाची किंमत कोणास द्यावी लागली, हें हवाई बेटांतील हनौमा उपसागराच्या इतिहासावरून कळतें. ओआहू बेटाच्या आग्नेय भागांत एका ज्वालामुखीचें मुख समुद्रानें एका बाजूनें फोडलें, तोच हा उपसागर. किनाऱ्यालगतच प्रवाळभिंत असल्यानें तिच्या आंतलें पाणी उथळ व शांत असतें आणि पोहण्यांत कच्च्या असलेल्या माणसासहि तेथें धीर येतो. मासेमारीमुळें येथील मत्स्यसंपत्ति ओसरली होती. १९६७ सालीं तेथें मासेमारीस बंदी होऊन हवाई राज्यांतील पहिलें सागरी जीवसंरक्षण क्षेत्र स्थापन झालें. मासे परतले, वाढले व माणसाळले.

मासे परतले, तशीं माणसेंहि लोटलीं. १९८० नंतरच्या दशकांत एकेका दिवशीं १०,००० पर्यंत लोक तेथें येत. ते माशांस पाव आणि वाटाणे चारीत व दमले, कीं पोंवळ्यांवरच उभे राहत. पोंवळें म्हणजे दगड, असा त्यांचा समज! वस्तुतः ती असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. पायाखालीं ती चिरडते, ढवळलेल्या वाळूनें गुदमरते. मासे पकडणाऱ्यांस दूर ठेवणें सोपें होतें, परंतु ज्यांचें प्रेम हेंच संकट, त्यांना आवरावें कसें?

होनोलुलूच्या नगरशासनानें १९९० पासून गर्दी कमी करण्याचे उपाय योजले. पुढें आठवड्यांतून एक दिवस उपसागर बंद राहूं लागला आणि माशांस चारणेंहि थांबविण्यांत आलें. २००२ सालीं प्रवेशापाशीं शिक्षणकेंद्र उघडलें. पाण्याकडे जाण्यापूर्वीं पाहुण्यांस तेथें एक लहानसा चित्रपट दाखवून पोंवळ्यांवर पाय न ठेवण्याचा धडा देण्याची पद्धति पडली. २०२० सालीं साथीमुळें मार्चपासून डिसेंबरपर्यंत उपसागर ओस राहिला, तेव्हां पाणी पूर्वींपेक्षां निर्मळ झाल्याचें संशोधकांस आढळलें. पुन्हां उघडतांना रोजच्या पाहुण्यांची संख्या मर्यादित करण्यांत आली आणि विश्रांतीचे दिवस आठवड्यास दोन झाले.

हा प्रश्न महाराष्ट्रासहि परका नाहीं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत १९८७ सालीं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालें आणि तेथेंहि हौशी प्रवासी मुखवटा लावून पोंवळीं पाहतात. कांच व नळी बाजारांत विकत मिळतात. पाय कोठें ठेवूं नये, हें मात्र हनौमाप्रमाणें येथेंहि पाण्यांत उतरण्यापूर्वींच शिकवावें लागेल.