मुक्या उपकरणांचें बारसें



आपल्या घरांतील राउटर किंवा दूरचित्रवाणीसंच घ्या. त्याच्या पोटांत बहुधा एक छोटा संगणक असतो आणि त्यावर अनेकदां लिनक्स ही प्रणाली चालते. ती जागी होतांच तिला प्रश्न पडतो कीं, आपल्याभोवतीं कोणतीं उपकरणें आहेत व तीं कोठें आहेत? यूएसबीला जोडलेलें उपकरण विचारल्यावर आपली ओळख स्वतः सांगतें. परंतु मुख्य चिपमध्येंच बसविलेलें सिरियल पोर्ट मुकें असतें. त्याची ओळख दुसऱ्यानें करून द्यावी लागते. ही रीत कशी घडली, हा आजचा विषय.

तिचा उगम अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत सांपडतो. मिच ब्रॅडली यांनीं तेथें रचलेली ओपनबूट ही व्यवस्था १९८९ सालच्या स्पार्कस्टेशन संगणकांत आली. तिच्याच आधारें १९९४ सालीं आय-ट्रिपल-ई संस्थेचें १२७५ क्रमांकाचें मानक तयार झालें. ही व्यवस्था यंत्रांतील उपकरणांची जणूं वंशावळच प्रणालीच्या हातीं देई. तिलाच डिव्हाइस ट्री म्हणतात.

आरंभीं नांवें चिपवरून पडत. लान्स चिपच्या इथरनेटला ‘एलई’ म्हणत, तर झायलॉगच्या सिरियल चिपला ‘झेडएस’. चिप बदलली कीं नांवही बदलावयाचें, मग काम तेंच कां असेना! म्हणून पुढें असा संकेत रूढ झाला कीं, नांवानें काम सांगावें: ‘इथरनेट’, ‘सिरियल’. त्यापुढें ‘ॲट’चें चिन्ह व पत्ता लिहावा, निर्माता आणि नमुना यांसाठीं ‘कंपॅटिबल’ हा निराळा रकाना ठेवावा. काम, ठिकाण आणि कूळ अशा तीन गोष्टी याप्रमाणें वेगळ्या झाल्या.

ज्या पॉवरपीसी यंत्रांत अशी व्यवस्था नव्हती, त्यांच्यासाठीं २००५ सालीं बेंजामिन हेरेनश्मिट यांनीं या वंशावळीचें एक सपाट, सुटसुटीत रूप लिनक्समध्यें आणलें. आतां माणूसच ती साध्या फाइलींत लिहूं लागला. तेथें ‘लेबल’ हें चौथें नांव भेटतें. फाइलींत एका जागेहून दुसरीकडे बोट दाखविण्यापुरताच त्याचा उपयोग. फाइलीचें यंत्ररूप होतांना तें सामान्यतः गळून पडतें व मागें केवळ एक क्रमांक उरतो.

एआरएम प्रोसेसरांच्या जगांत मात्र प्रत्येक बोर्डाचें वर्णन कर्नलच्याच मजकुरांत लिहिलें जाई. बोर्ड वाढले तसा हा पसाराही वाढला. मार्च २०११ मध्यें लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं त्याविषयीं उघड संताप व्यक्त केला. त्यानंतर एआरएमनें डिव्हाइस ट्रीचा मार्ग झपाट्यानें धरला. डिसेंबर २०१२ मधील ३.७ आवृत्तीपासून एकच कर्नल निरनिराळ्या कुळांतील बोर्डांवर चालणें शक्य झालें.

तरीही एक खोंच राहिली होती. एका बोर्डावर दोन साठवण-कार्डें असलीं, तर जें आधीं सांपडेल तें शून्य क्रमांकाचें ठरे. पंगतींत आधीं येऊन बसला तो यजमान, असाच हा न्याय! सापडण्याचा क्रम उलटला कीं यंत्र भलत्याच कार्डावर आपलें घर शोधूं लागे. आणि नवी आवृत्ती चढवितांना ही चूक झाली, तर चांगला मजकूर पुसला जाण्याची भीति. यावर उपाय डिव्हाइस ट्रींतच होता. ‘एलियासेस’ या भागांत कोणाचा क्रमांक कोणता तें लिहून ठेवावयाचें. डिसेंबर २०२० मधील ५.१० आवृत्तीपासून साठवण-कार्डांच्या बाबतींतही कर्नल तें मानूं लागला.

एकदां विकलेल्या यंत्रांतील वंशावळ पुष्कळदां कोणीच पुन्हां लिहीत नाहीं. नव्या कर्नललाही तीच वाचावी लागते. म्हणून नांव देणाऱ्यानें आजची सोय तेवढी पाहून भागत नाहीं. हें नांव दहा वर्षांनीं, आपण जवळ नसतांना, एक अनोळखी प्रणाली वाचणार आहे, याचें भान त्यानें ठेवावें लागतें.