पोटातली आग आणि औषधांचे पाठभेद

फैजपूरचे नाव इतिहासात येते ते डिसेंबर १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. गांधीजींनी तेथे खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन उघडले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ हे ग्रामोद्योग चळवळीचे विषय असल्याने खेड्याने काय खावे हा प्रश्न तेव्हा राजकारणात आला होता. खाल्ल्यावर पोटात आग पडली तर काय घ्यावे, हे ज्ञान मात्र स्वयंपाकघरातच राहिले. आम्हांला या दुसऱ्या इतिहासाविषयी लिहावयाचे आहे.

चरक-सुश्रुतांच्या संहितांत अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय नाही. 'माधवनिदाना'त तो आहे. घरातली परंपरा अशा वर्गीकरणात शिरत नाही. रात्री भिजवलेल्या धने-जिऱ्याचे गाळलेले पाणी, ज्येष्ठमधाची काडी, मोरावळा, आंबट न झालेले ताक ही तिची सामग्री. ती आजीकडून नातीकडे तोंडीच गेली. याच खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी लिहू-वाचू शकत नव्हत्या. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तकरूपाने आली. औषधांना असे टिपणारे हात क्वचितच लाभले.

मौखिक वाङ्मयाप्रमाणे येथेही पाठभेद आहेत, आणि म्हणून पाठचिकित्साही हवी. थंड दुधाचेच पाहा. त्याने क्षणभर बरे वाटते, ही घरोघरची समजूत. शिकागोच्या डॉ. सिप्पी यांनीही १९१५ साली जठरव्रणाच्या रोग्यांना तासातासाने दूध-साय देण्याची पद्धत मांडली आणि ती अनेक दशके चालली. पुढे दिसून आले की दुधाने आम्लाचा स्राव उलट वाढतो. म्हणजे चुकीचा पाठ स्वयंपाकघरात होता तसा रुग्णालयातही होता. याउलट यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात सहज मिळणारे कच्चे केळे घ्या. ॲस्पिरिनने उंदरांच्या जठरात होणाऱ्या व्रणांवर भाजीच्या जातीच्या कच्च्या केळ्याची भुकटी उपयोगी पडल्याचे १९८४ च्या एका संशोधनात आढळले. अर्थात, उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

सर्वांत मोठी दुरुस्ती ऑस्ट्रेलियातून आली. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली जठरदाह व व्रण यांच्यामागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू ओळखला. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. धने-जिऱ्याच्या पाण्याने हा जीवाणू जात नाही. त्याला प्रतिजैविकेच लागतात. वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी झालेल्या दाहात तर आधी त्या गोळ्यांचाच विचार वैद्यकीय सल्ल्याने करावा लागतो.

म्हणून घरगुती औषधाला भाबडेपणाने पुजणे आणि अडाणीपणा म्हणून टाकणे, दोन्ही आम्हांला सारखेच अनैतिहासिक वाटते. एखाद्या दिवशीची जळजळ शमवणे हे त्याचे खरे क्षेत्र. शौच डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त दिसणे, वजन उतरणे ही लक्षणे असतील तर मोरावळ्याची बरणी बाजूला ठेवून त्वरित डॉक्टर गाठावा. घरातल्या वृद्ध स्त्रियांकडून उपाय टिपून घेताना 'काय द्यावे' याबरोबर 'केव्हा देऊ नये' हेही विचारावे. तो अर्धा पाठ बहुधा प्रथम हरवतो.